पिशवीची भीती

पहाटे साडेपाचला बीडमधल्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा. एके काळी तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तेवढी धावायची. आता त्यांच्या कडेने पन्नाशीतले मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, किराणा दुकानदार आणि साडीखाली बूट घातलेल्या त्यांच्या बायका झपाझप चालताना दिसतात. यातल्या बहुतेकांचं चालणं एका कागदापासून सुरू झालेलं असतं. लॅबमधून आलेल्या त्या कागदावर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी छापलेली असते. नाहीतर शेजारचा, आपल्याच वयाचा माणूस रात्री छातीत कळ येऊन गेलेला असतो. घरात दोन दिवस कुणी नीट बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी नवे बूट येतात.

मराठवाड्यात या भीतीला वाट मिळाली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांमुळे. दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत जेवण आटोपा आणि रोज पाऊण तास चाला, एवढंच त्यांचं सांगणं. मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकारांची. या आहारपद्धतीबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ती आपल्या मनाने सुरू करणं धोक्याचं आहे. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. घाबरलेल्या माणसाला उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुणीतरी समजेल अशा भाषेत सांगितलं. मैदानं भरली ती त्यामुळे.

याच बीड जिल्ह्यातल्या हजारो बाया ऊसतोडीच्या हंगामात पहाटे साडेपाचच्याही आधी फडात असतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, माजलगाव. बीडच्या बालाघाटातून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. शहरातला माणूस ज्या साखरेला घाबरून चालू लागला, ती साखर यांच्या कोयत्यातून येते. भीती यांच्याही वाट्याला आली. पण ती आली तेव्हा समोर चालायला मैदान नव्हतं. समोर ऑपरेशनचं टेबल होतं.

‘पिशवी खराब झालीय. काढली नाही तर कॅन्सर होईल.’

आपल्याला असं सांगण्यात आलं, हे बीडच्या ऊसतोड बायकांनी पत्रकारांना, कार्यकर्त्यांना आणि चौकशी समितीला पुन्हा पुन्हा सांगितलं. शब्द थोडे इकडचे तिकडचे. कुणाच्या पिशवीला सूज, कुणाच्या पिशवीला गाठ, कुणाची पिशवी सडलेली. शेवट मात्र सगळ्यांचा त्याच एका शब्दावर. त्या शब्दापुढे खेड्यातल्या बाईला कशाचाच आधार उरत नाही. कॅन्सर म्हणजे मरण, आणि मरण म्हणजे लहान पोरं उघड्यावर. तिने आणि तिच्या नवऱ्याने केलेला हिशेब इतका सरळ होता.

एप्रिल २०१९ मध्ये ‘बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात राधेश्याम जाधव यांचा वृत्तांत आला आणि गावागावांत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट देशाला कळली. त्यातलं वंजारवाडी हे गाव पुढे जगभरच्या माध्यमांत गेलं. तिथल्या निम्म्या बायकांना गर्भाशय नव्हतं. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शेकडा जवळपास १७. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशात ३.२ आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्या एकाच पद्धतीच्या नाहीत, त्यामुळे आकड्यापुढे आकडा ठेवून गुणाकार करू नये. पण १७ आणि ३ यांच्यातलं अंतर पद्धतीच्या फरकाने मिटण्यासारखंही नाही.

एवढ्या बायका दवाखान्याच्या पायरीपर्यंत आल्याच का, हे समजून घ्यायचं तर फडात जावं लागतं.

ऊसतोडीत मजूर मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी या जोडीला उचल देतो, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही, आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल ऊस तोडून फेडायची असते. दोघांपैकी एकजण जरी एक दिवस कामावर आला नाही तर तो खाडा. खाड्याचा दंड उचलीत चढतो. कित्येक टोळ्यांत तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचं बायकांनी सांगितलं आहे. जोडी लागते म्हणून लग्नंही लवकर होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या मुलींपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कारखान्याच्या गेटवर घाईत उरकलेल्या लग्नाला इकडे ‘गेटकेन’ असं नावच पडलंय. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन-तीन लेकरं, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आणि तिशीच्या आसपास पिशवी. जिल्ह्यातल्या असंख्य बायकांच्या आयुष्याचा हा क्रम ठरून गेल्यासारखा आहे.

राहायला फडाजवळची कोपी, म्हणजे पाचट किंवा प्लास्टिकच्या कागदाची, वाकून आत शिरावं लागेल अशी झोपडी. संडास नाही, न्हाणी नाही. पाणी लांबून आणायचं, ते स्वयंपाकाला आणि प्यायला पुरवायचं. पाळीत वापरलेलं कापड धुवायला आडोसा नाही आणि उन्हात वाळवायला लाज, म्हणून ते ओलसरच परत वापरायचं. लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं. मध्यरात्री ट्रक आला की उठून तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. पाळी असो, पोटुशी असो, बाळंत होऊन महिना झालेला असो. अशा जगण्यात अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात आणि कंबरेत सतत दुखणं, जास्त रक्तस्राव हे न होईल तरच नवल.

आता वैद्यकशास्त्राचं साधं म्हणणं ऐकू. अंगावरून पांढरं जाण्यामागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. जास्त रक्तस्रावावरही आधी औषधं असतात. त्यांनी भागलं नाही, गाठी मोठ्या असल्या, कॅन्सर निदानातून सिद्ध झाला, तर गर्भाशय काढणं हा योग्य उपचार आहे आणि त्यामुळे अनेक बायकांचे जीव वाचले आहेत. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. चुकतं ते पहिल्याच भेटीत, तपासणीवाचून, कॅन्सरचं नाव घेऊन ते गळ्यात घालणं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होणार की नाही, हे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी गर्भाशयाच्या तोंडाशी तपासावं लागतं. बायकांनी जे सांगितलं त्यात अशा तपासणीचा उल्लेख क्वचितच येतो. सोनोग्राफीचा कागद येतो, ‘लवकर करून घ्या’ हे येतं, आणि ‘पोरं झालीत ना, आता पिशवीचं काय काम?’ हेही येतं.

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण तो एकट्या डॉक्टरचा नाही. सासूही तेच म्हणते, नवराही म्हणतो, आणि दमलेल्या बाईलाही रात्री कोपीत पडल्या पडल्या तसं वाटून जातं. पिशवी गेली की पाळी गेली, कापडाची कटकट गेली, खाडा गेला. मुकादमाने जबरदस्ती केली का, यावर पुष्कळ वाद झाले. माझ्या मते तशी गरजच पडत नव्हती. सगळी रचनाच अशी होती, की बाईने स्वतःहून पुढे येऊन सही करावी. पैसे नसले तर ऑपरेशनचे तीस-चाळीस हजार मुकादमच उचल म्हणून द्यायचा आणि पुढच्या हंगामात वसूल करायचा. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की उन्हाळ्यात गावी येऊन ऑपरेशन उरकायचं आणि दसऱ्याला पुन्हा गाडीत बसायचं.

जीवघेण्या आजाराची चाहूल लागली की माणसाने जगण्याची रीत बदलावी, हा सल्ला आपण सगळे एकमेकांना देतो. या बाईने काय बदलायचं होतं? पाणी जास्त प्यावं, तर लघवीला जायचं कुठे? जड उचलू नये, तर मोळी कोण वाहणार? पाळीत विश्रांती घ्यावी, तर खाडा. स्वच्छ कापड वापरावं, तर ते धुवायचं कशात? तिच्या जगण्यातली एकही गोष्ट तिच्या हातात नव्हती. हातात होतं फक्त शरीर. आजाराला घाबरून तिने जे बदलता येण्यासारखं होतं ते बदललं.

त्यानंतर काय झालं हेही त्याच बायकांनी सांगितलं आहे. कंबर धरते, सांधे दुखतात, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, झोप येत नाही, छाती धडधडते, चिडचिड होते. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशय राहिले तर शरीराला लागणारी संप्रेरकं बनत राहतात, पण तरीही पाळी जाण्याच्या वयाचे त्रास थोडे अलीकडे येऊ शकतात. दोन्ही अंडाशय काढले तर ते त्रास लगेच येतात. ज्या वयात शहरातली बाई पहिल्या बाळाचा विचार करते, त्या वयात हिची हाडं पोकळ व्हायला लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यावर वर्षानुवर्षं औषधं आणि देखरेख लागते, ती कुणी सांगितलेलीच नसते. अंडाशय ठेवले की काढले हे अनेकींना माहीतही नाही. आणि खाडा टळावा म्हणून जे केलं, त्यानंतर मोळी उचलवत नाही म्हणून खाडे पडतात.

यापुढे मला ज्या गावाबद्दल लिहायचं आहे ते बीडमधलं नाही, पण लांबचंही नाही. मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा लागतो आणि त्याच्या पश्चिमेला सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. तिथलं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय अनेकांना माहीत असेल. त्या रुग्णालयाने तिकडच्या खेड्यांतल्या बायकांच्या याच भीतीचं काय केलं, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

१९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या जवळपास गावं तिच्यात होती. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून होते. इथे ते शक्य नव्हतं, कारण कॅन्सर झालेली बाई रुग्णालयापर्यंत पोहोचायचीच नाही, घरीच मरायची. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. ते डॉक्टर नव्हते. ओट्यावर, देवळात, शाळेत बायकांना जमवून ते सांगत, की पाळी नसताना रक्त जात असेल, पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर येऊन तपासून घ्या. हळूहळू बायका येऊ लागल्या, आणि लवकरच्या टप्प्यातले रुग्ण वाढले. डॉ. के. जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांनी हा अनुभव १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. यंत्र नाही, लस नाही. नुसतं बोलून बायका कॅन्सरच्या लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचू शकतात, हे त्यांनी दाखवलं.

बीड आणि बार्शी, दोन्हीकडे सांगितलेली लक्षणं बरीचशी तीच होती. अंगावर जाणं, मधेच रक्त दिसणं. कॅन्सर हा शब्दही तोच आणि ऐकणाऱ्या बाईच्या पोटात पडणारा गोळाही तोच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर भारतीय बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल आढळतो, म्हणजे भीती खोटीही नव्हती. फरक त्यापुढच्या वाक्यात पडला. बार्शीत सांगितलं, ‘तपासून घ्या.’ बीडमध्ये सांगितलं, ‘काढून टाका.’

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या लियॉंची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री अशी मंडळी त्यात होती. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गावांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी, काही गावांत पेशींची तपासणी, काही गावांत कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहणं, आणि काही गावांत नुसती माहिती. डाग किंवा बिघडलेल्या पेशी सापडल्या तर तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढायचा. पिशवी जागेवर राहते. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो, आणि तेवढी सवड असल्यामुळेच हे जमतं.

एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष आले. फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी करायच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. चाचणी न झालेल्या ३१,४८८ बायकांमध्ये हा आकडा ६४ होता. एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. ॲसिडच्या तपासणीने एकाच फेरीत एवढा फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली तेव्हा मात्र मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि ती करणाऱ्या होत्या थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका.

या अभ्यासावर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ते लपवू नयेत. ज्या ३१ हजार बायकांची तपासणी केली नाही, त्यांना त्या काळी देशात जे मिळत होतं तेवढंच मिळालं, म्हणजे माहितीपलीकडे काहीच नाही. तपासणीचा फायदा जगात इतरत्र माहीत असताना या बायकांना तसं का ठेवलं, हा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारला. त्या ६४ बायकाही आपल्याच मुलखातल्या होत्या. जगाला मिळालेल्या ज्ञानाची किंमत त्यांनी भरली. निदान ते ज्ञान मांजरेच्या अलीकडच्या काठावर तरी लगेच पोहोचायला हवं होतं.

ते पोहोचलं नाही. तो निबंध आला एप्रिल २००९ मध्ये, आणि बीडच्या बिनपिशवीच्या बायकांची बातमी आली एप्रिल २०१९ मध्ये. मधली दहा वर्षं एका बाजूला एका चाचणीने जीव वाचवता येतो हे सिद्ध होऊन पडलं होतं आणि दुसऱ्या बाजूला कॅन्सरच्या नावाने तिशीतल्या बायकांची पोटं उघडली जात होती. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून आहे. म्हणजे सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ जिल्ह्यात नव्हते असंही नाही. पण वर्षातले सहा महिने जिल्ह्याबाहेर असणाऱ्या आणि उरलेल्या सहा महिन्यांत मिळेल त्या मजुरीवर जाणाऱ्या बाईसाठी सरकारी रांग फार लांब असते. बसस्टँडजवळचा खासगी दवाखाना तिला आजच्या आज पाहतो.

बातमीनंतर हालचाली झाल्या. खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम बीडमध्ये आला. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करावी, असं ठरलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ उभं राहिलं. मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी ऊसतोड बाईला स्वतंत्र कामगार म्हणून ओळखपत्र द्या, कोयत्यात अर्धी म्हणून मोजू नका, ही मागणी लावून धरली. देशपातळीवर राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांविरुद्ध याचिका केली होती. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

परवानगीचा नियम चांगला आहे. पण त्याने फार तर ऑपरेशन अडतं, बाईची धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, थांबत नाही. ती फडात जशी होती तशीच राहते. कारखान्याने कोप्यांजवळ चार संडास आणि पाण्याची एक टाकी दिली, टोळीत दुखण्याच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही असं ठरवलं, तर या आजारातला मोठा वाटा दवाखान्यापर्यंत येणारच नाही, असं मला ठामपणे वाटतं. हा खर्च साखरेच्या पोत्यामागे किती पडेल, याचा हिशेब कारखान्यांच्या लेखापालांनी मांडायला काहीच हरकत नाही.

तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं सरकारी आरोग्य कार्यक्रमाच्या कागदावर २०१६ पासून आहे. बोळा आहे, ॲसिड आहे, प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर आहेत. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर गावची आशा ताई वही घेऊन टोळीतल्या घरोघरी फिरते. कोण गरोदर, कितवा महिना, कुणाचं हिमोग्लोबिन किती, कुणाला अंगावर जातंय. गाडी निघण्याच्या आत तिला सगळ्यांची नावं लिहून घ्यायची असतात. मग पत्रे, भांडी, कागद, शेळी, लेकरं ट्रॉलीत चढतात आणि गाडी रात्रीची घाट उतरते. वही बीडमध्येच राहते. नोव्हेंबरात सांगलीच्या कुठल्याशा फडात एखादीचं ओटीपोट दुखू लागेल, तेव्हा तिथल्या गावच्या आशेच्या वहीत तिचं नाव नसेल.